खिद्रापूर : लहान गाव, मोठे देऊळ आणि नदीचे वळण

कोल्हापूरहून पूर्वेला साठेक किलोमीटर गेले की शिरोळ तालुक्याच्या टोकाला कृष्णेच्या काठी खिद्रापूर लागते. गाव शेतकऱ्यांचे. उसाचे फड, वैरणीचे भारे, दुधाच्या घागरी, ग्रामपंचायत, शाळा, पारावरची बैठक असे दक्षिण महाराष्ट्रातल्या कुठल्याही नदीकाठच्या गावात दिसणारे सगळे येथेही आहे. त्याच गावठाणात बाराव्या शतकातले कोपेश्वराचे देऊळ उभे आहे. त्याची लांबी शंभर फुटांहून अधिक, रुंदी सुमारे पासष्ट फूट, आणि कोरीव काम असे की महाराष्ट्रातल्या दगडी देवळांची यादी कुणीही करो, हे नाव पहिल्या पाच-सहांत यावेच लागते.

येथे प्रमाण बिघडलेले आहे. एवढ्या गावाला एवढे देऊळ कसे? उलट बाजूने विचारायचे तर, एवढे देऊळ असताना गाव एवढेच का राहिले? पर्यटकांच्या पुस्तिका पहिल्या प्रश्नाला ‘शिल्पवैभव’ या शब्दाने उत्तर देतात आणि दुसरा प्रश्न विचारतच नाहीत. या लेखात दोन्ही प्रश्न एकत्र घ्यायचे आहेत. माझे म्हणणे असे की खिद्रापूरचे देऊळ आणि खिद्रापूर गाव ही दोन वेगळ्या कारखान्यांतली निर्मिती आहे. देऊळ घडवले राज्याने, गाव घडवले नदीने. दोघांची गाठ एका वळणावर पडली आणि गेली आठशे वर्षे ती दोघे शेजारी म्हणून नांदत आहेत.

त्र्यंबक नारायण आत्र्यांच्या ‘गावगाडा’ने (1915) मराठी वाचकाला खेडे हे पाटील, कुलकर्णी, बलुतेदार, वतने यांनी चालणारे एक यंत्र म्हणून पाहायला शिकवले. ही दृष्टी अजून उपयोगी आहे. पण तिच्यात नकळत एक गृहीत शिरते की गावात जे आहे ते गावाच्या गरजेतून आले. खिद्रापुरात हे गृहीत टिकत नाही. फ्रान्सच्या ग्रामीण इतिहासाचा अभ्यासक मार्क ब्लॉक याने दुसरी वाट दाखवली होती : आज डोळ्यांसमोर असलेल्या शेतांच्या आखणीपासून सुरुवात करावी आणि इतिहास उलटा, मागे मागे वाचत जावा. जुने कागद अपुरे असले तरी जमीन समोर असते. म्हणून येथे देवळाच्या आधी शिवार.

नरसोबाच्या वाडीला पंचगंगा कृष्णेला मिळते. तेथून पुढे कृष्णेचे पात्र सपाट, खोल काळ्या जमिनीतून वळणे घेत जाते. राजापूरचा बंधारा ओलांडला की महाराष्ट्रातली कृष्णा जवळजवळ संपली, आणि तेथेच खिद्रापूरला ती मोठा फेरा घालते. नदी वळते तेव्हा बाहेरचा काठ कापते आणि आतल्या काठाला गाळ टाकते. गाळ पडतो ती ‘मळी’. मळीच्या रानाला खत थोडे लागते आणि तेथली वांगी, भाजीपाला यांची चव वेगळी लागते असे कृष्णाकाठचा माणूस छातीठोकपणे सांगतो. मळीमागे खोल काळी रानं आहेत. तिसरी वस्तू म्हणजे गावठाणाचा थोडा उंच भाग. शिवारात सर्वांत महाग जागा हीच, कारण बाकी सगळे पुरात जाते तेव्हा माणसांना, जनावरांना आणि देवाला टेकायला एवढीच भुई उरते. घरे आणि देऊळ एकमेकांना खेटून का, याचे उत्तर भक्तीत शोधण्याआधी या उंचवट्यात शोधावे.

आजचे शिवार म्हणजे मुख्यतः ऊस. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात सहकारी साखर कारखाने आणि उपसा सिंचनाच्या योजना आल्या तेव्हा या पट्ट्यातली जिरायत ज्वारी, हरभरा, भुईमूग मागे हटले. नदीवर मोटार बसली की ऊस आला. पण काळ्या जमिनीचा निचरा मंद असतो. वर्षानुवर्षे पाट सोडून पाणी दिले की जमिनीखालची पातळी वर चढते, विरघळलेले क्षार पृष्ठभागापाशी येतात, उन्हाळ्यात पाणी उडून जाते आणि वर पांढरा पापुद्रा राहतो. आधी ऊस पिवळा पडतो, मग खुरटतो, शेवटी रान पडीक पडते. शिरोळ तालुक्यात क्षारपड जमिनीचा प्रश्न इतका मोठा आहे की शिरोळच्या दत्त साखर कारखान्याने शेतकऱ्यांना एकत्र करून जमिनीखाली सच्छिद्र पाइप घालायचा कार्यक्रमच हाती घेतला. त्यात मुख्य अडचण माणसांची आहे. एकाच्या रानातले खारे पाणी दुसऱ्याच्या बांधाखालून नेऊन नाल्यात किंवा नदीत सोडावे लागते, म्हणजे खालच्या शेतकऱ्याची संमती हवी. पाणी आणायला सगळे एकत्र येतात. पाणी घालवायला एकत्र येणे अवघड जाते.

पूर हा या शिवाराचा दुसरा हिशेब. आषाढात कोयनेकडे आणि राधानगरीकडे पावसाचा जोर झाला की काठावर मोटारी काढायची घाई उडते. चार माणसे, एक दोरखंड, जमले तर ट्रॅक्टर घेऊन आधी स्टार्टरची पेटी खोलायची, मग मोटार, शेवटी पाइप सोडवायचे. रात्रीतून पाणी दोन फूट चढले तर पाइप राहतो आणि मोटार वाचली म्हणून समाधान मानायचे. राजापूर बंधाऱ्याचे बरगे, म्हणजे पाणी अडवणाऱ्या फळ्या, त्याआधीच काढलेले असतात. शेतात पाणी शिरले म्हणजे ऊस गेला असे मात्र नाही. शेंडा पाण्याबाहेर राहिला तर ऊस आठवडाभर तग धरतो. शेंड्याच्या सुरळीत गढूळ पाणी बसले की कोंभ कुजतो आणि मग पाणी उतरल्यावर उभा दिसणारा हिरवा फडही आतून मेलेला असतो. 2005, 2019 आणि 2021 या तीनही पुरांत शिरोळ तालुक्याने हे पाहिले. ऑगस्ट 2019 मध्ये तर तालुक्यातली गावेच्या गावे रिकामी करावी लागली आणि कोपेश्वराच्या देवळातही पाणी शिरले.

दळणवळणाचे पाहू. नदी तीन अंगांनी वेढते म्हणून खिद्रापूरचा रस्ता खिद्रापुरातच संपतो. पलीकडे जुगूळ, पण ते कर्नाटकात. परंपरेने तेथे जायची वाट नावेची. रस्ता पुढे जात नाही तेथे बाजार भरत नाही, बाजार भरत नाही तेथे पेठ वसत नाही. उलट नरसोबाची वाडी पाहावी. दोन नद्यांचा संगम आहे, सांगली आणि कोल्हापूर दोन्हीकडून वाट आहे, दत्तसंप्रदायाची गादी आहे, वर्षभर माणसांचा राबता आहे. तेथे पेढे, बासुंदी आणि धर्मशाळांवर एक अख्खे अर्थकारण उभे राहिले. आमच्याकडे पाहुण्यांना ‘वाडी करून खिद्रापूर’ दाखवतात. जेवण वाडीला होते, फोटो खिद्रापूरला निघतात. कलेच्या दृष्टीने वाडीच्या देवस्थानात कोपेश्वराच्या तोडीचे काही नाही, पण क्षेत्राचा मोठेपणा शिल्पावर ठरत नाही. तो ठरतो कुठल्या वाटेवर देव बसला आहे यावर.

आता देऊळ. ते पूर्वाभिमुख आहे. आधी स्वर्गमंडप, त्यामागे बंद सभामंडप, मग अंतराळ, मग गर्भगृह. सभामंडपात साठ खांब, स्वर्गमंडपात अठ्ठेचाळीस. स्वर्गमंडप ही मुख्य इमारतीपासून किंचित सुटी, चारी बाजूंनी उघडी, गोलाकार रचना आहे. आतल्या वर्तुळात बारा खांब आहेत. त्यांच्यावर एकावर एक सरकत जाणारी दगडी कडी आणि मधोमध सुमारे तेरा फूट व्यासाचे उघडे आकाश. खाली त्याच मापाची गोल रंगशिला. बारा खांबांच्या अंगी गणपती, कार्तिकेय आणि अष्टदिक्पाल वाहनांसह कोरले आहेत. दिवसा दुपारी येथे उभे राहून मागच्या सभामंडपात पाऊल टाकले तर काही क्षण काहीच दिसत नाही. मग हळूहळू खांब एकेक करून अंधारातून सुटे होतात. एक गोल, एक चौरस, एक अष्टकोनी, एकावर कडेने चढत गेलेल्या वर्तुळांच्या धारा. बाहेरून येताना उजेड ते काळोख असा प्रवास स्थपतीने मोजून बांधला आहे.

खांबांवरच्या या गोल धारा पाहून लक्कुंडी आणि इटगी आठवावीत. कल्याणीच्या चालुक्यांच्या काळात आजच्या उत्तर कर्नाटकात कातीव वाटणाऱ्या खांबांची शैली परमोच्च पदाला गेली. इटगीचे महादेव मंदिर 1112 चे आहे. तेथल्या कारागिरांना मऊ हिरवट शिस्ट मिळाला, जो खाणीतून काढताना छिन्नीला ओल्या लाकडासारखा वळतो आणि नंतर हवेत घट्ट होतो. खिद्रापूरच्या पाथरवटाच्या हाती होता कठीण काळा बेसाल्ट. म्हणून खिद्रापूरचे नक्षीकाम लक्कुंडीइतके बारीक जाळीदार नाही. त्याऐवजी आकारांचा ठसा मोठा, उठाव खोल आणि सावल्या ठळक आहेत. याला उणीव म्हणणारे समीक्षक मला भेटले आहेत. दगड समजून घेणारा पाथरवट त्यांच्याहून शहाणा होता असे माझे मत आहे. आणि हा दगड गावचा नव्हे. शिवारात जिकडेतिकडे खोल काळी माती, नदीकाठी गाळ. एवढा दगड बाहेरून गाड्यांनी किंवा नदीवाटे आणावा लागला असणार. ज्या गावाला दगड वाहण्याइतके बैल एका वेळी मोकळे सोडणे परवडत नाही, त्या गावाने हे बांधले नाही.

बाहेरच्या भिंतीच्या पायथ्याशी हत्तींची रांग आहे. नव्वदहून जास्त हत्ती देवळाचा भार पाठीवर घेऊन उभे आहेत आणि त्यांच्यावर देवदेवता आरूढ आहेत. बहुतेकांच्या सोंडा तुटल्या आहेत. भिंतीवरच्या सुरसुंदरींचे हातही ठिकठिकाणी गेले आहेत. या तोडफोडीचा दोष स्थानिक परंपरा औरंगजेबाच्या फौजेला देते. वर शिखराकडे पाहिले की ध्यानात येते की खालचा दगड आणि वरचा विटा-चुन्याचा भाग एका हाताचे नाहीत. शिखर नंतरचे आहे. या देवळाला सर्रास ‘हेमाडपंती’ म्हणतात ते मात्र सोडून द्यावे. हेमाद्री पंडित हा महादेव आणि रामचंद्र या यादव राजांचा मंत्री, तेराव्या शतकाच्या उत्तरार्धातला. त्याच्या जन्माआधीच हे खांब उभे होते.

स्वर्गमंडपाच्या उघड्या छताची दोन स्पष्टीकरणे ऐकू येतात. एक, येथे होम होत आणि धूर जायला वाट ठेवली. दुसरे, घुमट पुरा करायचा राहिला. धुराचे स्पष्टीकरण लोकप्रिय आहे, पण धुरासाठी तेरा फुटांचे भोक लागत नाही. अपूर्णतेच्या बाजूने एवढेच सांगता येते की अशी कडी वर वर सरकवत शेवटी कळीचा दगड बसवणे ही तेव्हाची नेहमीची रीत होती. विरुद्ध बाजूने असे की खालची रंगशिला वरच्या वर्तुळाच्या मापाची आहे. हा मेळ पाहता उघडे वर्तुळ ठरवून ठेवले असावे असे मला वाटते.

याच वर्तुळाशी त्रिपुरी पौर्णिमेचा सोहळा जोडला गेला आहे. कार्तिकी पौर्णिमेच्या मध्यरात्री चंद्र नेमका स्वर्गमंडपाच्या वर येतो आणि त्याचा प्रकाश रंगशिलेवर पडतो म्हणून हल्ली त्या रात्री माणसांची झुंबड असते. यात गणित किती आणि गोष्ट किती हे तपासता येते. खिद्रापूर सुमारे 16.7 उत्तर अक्षांशावर आहे. पौर्णिमेला चंद्र सूर्याच्या समोर असतो, म्हणजे सूर्य जितका दक्षिणेला तितका चंद्र उत्तरेला. नोव्हेंबरात सूर्य खगोलीय विषुववृत्ताच्या दक्षिणेस सुमारे 15 ते 22 अंशांवर असतो. म्हणून चंद्र उत्तरेस तेवढ्याच अंशांवर, त्याच्या कक्षेच्या कलण्यामुळे पाचेक अंश इकडेतिकडे. याचा अर्थ मध्यरात्री तो खिद्रापूरच्या डोक्यापासून फार तर दहा अंश ढळलेला. छत पंधरा-वीस फुटांवर धरले तर प्रकाशाचे वर्तुळ शिलेच्या मध्यापासून तीन-साडेतीन फुटांहून अधिक सरकत नाही. सोहळा खरा आहे. पण तो एकट्या कार्तिकाचा नाही. माघी पौर्णिमेलाही बहुतेक वर्षी चंद्र जवळपास असाच येतो, आणि मे तसेच ऑगस्टच्या सुरुवातीला, सावली पायाखाली जाते त्या शून्य सावलीच्या दुपारी, खुद्द सूर्य त्याच वर्तुळातून सरळ खाली उतरतो. ऑगस्टात ढग असतात आणि मेमध्ये दगड तापतो, म्हणून त्या दिवशी कुणी येत नाही. शिवाय हा योग कोल्हापूरच्या अक्षांशावरच्या कुठल्याही उघड्या चौकात जुळतो. खिद्रापूरने त्याला खाली शिला दिली, एवढेच श्रेय स्थपतीचे, आणि ते पुरेसे आहे.

बांधणाऱ्यांकडे वळू. कोल्हापूरच्या शिलाहारांचा अंमल या प्रदेशावर होता. गंडरादित्य, त्याचा मुलगा विजयादित्य आणि नातू दुसरा भोज या तिघांच्या बाराव्या शतकातल्या कारकिर्दीत देवळाचे मुख्य काम झाले असे मानतात. हे घराणे कल्याणीच्या चालुक्यांचे मांडलिक, पण आपल्या मुलखात पुरते स्वतंत्र. गंडरादित्याने मिरज भागात गंडसमुद्र नावाचा तलाव खोदून त्याच्या काठी शिव, बुद्ध आणि जिन अशी तिन्ही देवालये उभारली. त्याचा सामंत निंबदेव याने कोल्हापुरात रूपनारायण जिनालय बांधले. खिद्रापुरात कोपेश्वरापासून हाकेच्या अंतरावर आदिनाथाची जुनी बस्ती आहे, आणि ती देखील याच वळणाच्या दगडी बांधणीची. शिरोळ तालुक्यातला शेतकरी आजही मोठ्या संख्येने जैन आहे. म्हणजे बस्तीचा भक्त शेजारच्या रानात उसाला पाणी पाजतो आहे. देवळाच्या बाबतीत असे सरळ सांगता येत नाही, आणि हा फरक मला महत्त्वाचा वाटतो. एकाच राजवटीच्या दोन वास्तूंपैकी एकीला गावातला समाज मिळाला, दुसरीला राजसत्ता.

त्याचा पुरावा देवळाच्या अंगावर आहे. येथले बहुतेक शिलालेख कन्नड आहेत. कृष्णाकाठचा हा पट्टा तेव्हा कन्नड लेखनाच्या कक्षेत होता आणि आजही घराघरांत दोन्ही भाषा चालतात. दक्षिण बाजूला मात्र एक देवनागरी लेख आहे, देवगिरीच्या सिंघण यादवाचा, 1213-14 च्या सुमाराचा. त्यात मिरिंजी म्हणजे मिरज देशातले कूडलदामवाड हे गाव कोपेश्वराच्या पूजेअर्चेसाठी दान दिल्याची नोंद आहे. तारखेकडे पाहावे. सिंघणाने दुसऱ्या भोजाला पन्हाळ्यावर नमवून कोल्हापूरचे शिलाहार राज्य बुडवले ते 1212 च्या आसपास. म्हणजे राज्य घेतल्यावर वर्ष-दोन वर्षांत नव्या मालकाने हरलेल्या राजाच्या देवाला गाव लावून दिले. याला भक्ती म्हणावे की कारभार, हा प्रश्न बाजूला ठेवू. सीमेवरच्या प्रजेला आणि पुजाऱ्यांना, सत्ता बदलली तरी देवाचे उत्पन्न चालू आहे, हे सांगण्याचा तो जाहीर मार्ग होता. आणि लेखाची भाषा-लिपी बदलली हेही त्याच जाहीरनाम्याचा भाग.

दानाचा तपशील आपल्या मूळ प्रश्नासाठी त्याहून मोलाचा आहे. देवाचा खर्च दुसऱ्या गावाच्या महसुलातून भागवला गेला. खिद्रापूरच्या शिवारावर एवढ्या देवळाचा भार कधीच पूर्णपणे नव्हता, आणि त्यामुळे देवळाच्या भरभराटीचा पैसाही गावात मुरला नाही.

फ्रान्समधल्या कोंक या गावाशी ताडून पाहिले की हे अधिक स्पष्ट होते. आव्हेरों प्रांतातल्या डोंगरउतारावरचे हे चिमुकले गाव. तेथले सेंट फॉयचे दगडी चर्च अकराव्या-बाराव्या शतकातले, म्हणजे आपल्या देवळाचे जवळजवळ समकालीन, आणि त्याच्या दारावरचे न्यायदिनाचे शिल्प युरोपभर नावाजलेले. नवव्या शतकात तेथल्या साधूंनी आजाँ शहरातून संत फॉयचे अवशेष चक्क पळवून आणले, कारण अवशेष असतील तर यात्रेकरू येतील. ते आलेही. स्पेनमधल्या सांतियागोकडे जाणारी यात्रेची वाट कोंकवरून गेली आणि त्या वाटेने चर्चही पोसले, गावही पोसले. यात्रा ओसरली तेव्हा दोघांनाही उतरती कळा लागली. 1837 मध्ये सरकारी निरीक्षक म्हणून प्रॉस्पेर मेरिमे तेथे पोचला आणि त्याच्यामुळे मोडकळीला आलेले चर्च वाचले. कोंकमध्ये वाट आधी, देव त्यासाठी आणलेला. खिद्रापुरात वाट पुढे जातच नव्हती. येथे देव बसवला तो वाटसरूंसाठी नव्हे. मग कशासाठी?

एक शक्यता रणभूमीची आहे. 1054 मध्ये कोप्पम येथे चोळ आणि चालुक्य यांची मोठी लढाई झाली. चोळ राजा राजाधिराज हत्तीवर बसलेला असतानाच मारला गेला. त्याचा भाऊ दुसरा राजेंद्र याने रणांगणावरच राज्याभिषेक करून घेतला आणि पारडे फिरवले, असे चोळांचे लेख सांगतात. कोप्पम एका मोठ्या नदीच्या काठी होते असा त्यात उल्लेख आहे. हे कोप्पम कोणते यावर दोन पक्ष आहेत. एक तुंगभद्रेच्या बाजूचे कोप्पळ धरतो, दुसरा कृष्णेवरचे खिद्रापूर. देवाचे नाव लेखांत कोप्पेश्वर असे येते, म्हणजे ‘कोप्प’चा ईश्वर, आणि खिद्रापूर हे नाव उघडच नंतरच्या मुसलमानी अमलातले आहे. खिद्रापूरच्या बाजूचा आणखी एक दुवा असा की लढाईनंतर राजेंद्राने कोल्लापुरम येथे जयस्तंभ रोवल्याचे चोळ लेखांत नोंदले आहे. कोप्पळहून कोल्हापूर दूर, खिद्रापूरहून दोन-तीन मजलांवर. तरीही यावरून निकाल देऊ नये, कारण विजेते राजे जयस्तंभ कागदावरही रोवतात. इतके मात्र म्हणता येते की नदीचे असे वळण, उताराची जागा आणि दोन्ही काठांवर सपाट मैदान जेथे आहे तेथे फौजा अडतात, आणि जेथे फौजा अडतात तेथे राजांना आपला देव असावासा वाटतो. सीमेवर मोठे देऊळ ही सत्तेने ठोकलेली मेख असते.

गावाचे स्वतःचे स्पष्टीकरण वेगळे आहे. दक्षाच्या यज्ञात सती नंदीवर बसून गेली, अपमान होऊन तिने देह टाकला, शंकर कोपला तो येथे कोपेश्वर झाला. विष्णूने त्याचा राग शांत केला, म्हणून गाभाऱ्यात कोपेश्वरासोबत धोपेश्वराचे, म्हणजे विष्णूचे, लिंग. आणि नंदी सतीबरोबर गेला, तो तिकडेच राहिला, म्हणून या शिवालयासमोर नंदी नाही. नंदी नदीपलीकडे काही कोसांवर येडूरला आहे असे सांगतात. शैव देवळात नंदी नसणे ही विसंगती लोकांच्या नजरेतून सुटली नाही, आणि तिचा खुलासा करताना त्यांनी पलीकडच्या काठाला देवळाशी बांधून टाकले. पेठ जुळली नाही, पूल जुळला नाही, पण कथेने दोन काठ एका शिवारात आणले. 1 नोव्हेंबर 1956 ला राज्यांची पुनर्रचना झाली तेव्हा बेळगाव जिल्हा म्हैसूर राज्यात गेला. देव मुंबई राज्यात, म्हणजे पुढच्या महाराष्ट्रात, राहिला आणि नंदी पलीकडच्या राज्यात. बांधावरच्या शेतकऱ्याला या वाटणीचा अर्थ वेगळ्याच दिवशी कळतो. एका काठावर पंचनामा होतो तेव्हा दुसऱ्या काठावर नियम निराळा असतो, पाणी मात्र तेच शिरलेले असते.

गावावर हुकूम पाण्याचा आणि देवळावर सत्तेचा, ही वाटणी शतकानुशतके पुष्कळ स्पष्ट होती. गेल्या पन्नास-साठ वर्षांत मात्र पाणीच सत्तेकडे गेले. वर कोयना आणि राधानगरी, मध्ये बरगे घालून अडवलेले बंधारे, खाली कर्नाटकात हिप्परगी आणि अलमट्टी. राजापूर बंधाऱ्यावरून किती क्युसेक सुटले हा आकडा आता काठावरचा प्रत्येक माणूस मोबाइलवर पाहतो. अलमट्टीची पातळी 519.6 मीटर आहे. ती 524 मीटरवर न्यायची कर्नाटकची मागणी आणि तिला सांगली-कोल्हापुरातला विरोध हे या पट्ट्यातल्या प्रत्येक पावसाळ्याचे राजकारण झाले आहे. फुगवटा कुठपर्यंत येतो यावर अभियंत्यांत मतभेद आहेत. गावकऱ्यांत नाहीत, कारण त्यांनी आपल्या पायऱ्यांवरची गेल्या पुराची रेघ पाहिलेली असते.

देवळाचा कायदाही आता गावाच्या अंगणात आला आहे. 1954 मध्ये कोपेश्वर संरक्षित स्मारक म्हणून घोषित झाले. पुढे 1958 च्या स्मारकविषयक कायद्यात 2010 साली दुरुस्ती होऊन राष्ट्रीय महत्त्वाच्या संरक्षित स्मारकाभोवतीचे 100 मीटर प्रतिबंधित आणि त्यापलीकडचे 200 मीटर नियंत्रित क्षेत्र ठरले. पहिल्या पट्ट्यात नवे बांधकाम नाही, दुरुस्तीलाही परवानगी लागते. हा नियम मोकळ्या माळावरच्या लेण्याभोवती सहज पाळला जातो. जेथे उंचवटा एकच आणि त्यावर देव, माणसे व जनावरे तिघेही दाटीने राहतात, तेथे 100 मीटरच्या वर्तुळात घरे, गोठे आणि वैरणीचे माळेच येतात. पुरात भिजलेली पांढऱ्या मातीची भिंत पाणी ओसरल्यावर उन्हात तडकते आणि पाच-सहा दिवसांनी, सगळे संपले असे वाटत असताना, कोसळते. मग तिच्या जागी विटेची भिंत घालायची तर घरधन्याला दोन दारे ठोठावावी लागतात. पूरग्रस्त म्हणून अनुदानासाठी तहसीलदाराचे, आणि देवळाचा शेजारी म्हणून परवानगीसाठी पुरातत्त्व खात्याचे. अनुदानाला मुदत असते, परवानगी त्या मुदतीत मिळेलच असे नाही.